पिल्लांच्या विष्ठेत रक्त

प्रश्न : आमची गावरान कोंबडीची चार आठवड्यांची पिल्ले पंख पाडून कोपऱ्यात गोळा होतात आणि त्यांच्या विष्ठेत रक्त दिसते. ही मानमोडी (राणीखेत रोग) असेल का?

उत्तर : मानमोडीत विष्ठा बहुधा हिरवट असते आणि मान वाकडी होते, या वयात रक्त दिसल्यास रक्ती हगवणीचा, म्हणजे कॉक्सिडिओसिसचा, संशय अधिक येतो. आयमेरिया हे एकपेशीय परजीवी पिल्लांखाली अंथरलेल्या ओलसर तुसातून दाण्यापाण्यात मिसळून पिल्लांच्या आतड्यात शिरतात. मेलेले ताजे पिल्लू पशुवैद्यकांकडून तपासून घ्यावे व त्यांनी ठरवलेल्या मात्रेत अ‍ॅम्प्रोलियम हे या रोगावरचे औषध पिण्याच्या पाण्यातून द्यावे, कारण आजारी पिल्लांनी दाणे सोडले तरी ती बहुधा पाणी पितात. त्या काळात ब-१ जीवनसत्त्व असलेले टॉनिक (दुकानदार ते हौसेने सोबत देतात) टाळावे, त्याने औषधाचा परिणाम घटतो. भांड्यांभोवतीचे ओले तूस रोज काढावे.