धातूच्या पत्र्यावरचा चंद्र गावच्या बैठकीत लावताना

गावाकडील घराच्या बैठकीत चंद्राची, धातूच्या पत्र्यावर छापलेली छायाचित्रे लावायची आहेत. ती आपल्या उन्हापावसात टिकतील का आणि कोणती निवडावीत, असे आपण विचारले आहे. लोणारपासून जवळच असलेल्या आमच्या घरी अशी दोन चित्रे आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा असल्यामुळे पावसाळ्यात कागदासारखा फुगत नाही आणि त्याला वाळवीही लागत नाही. रंग मात्र उष्णता देऊन पत्र्यावरील लेपात उतरवलेला असतो आणि सतत ऊन लागल्यास तो विटतो, म्हणून पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळावी. दोन बाय तीन फुटांचा, एक मिलिमीटर जाडीचा पत्रा दीड किलोच भरतो. तरीही आमच्या मातीच्या भिंतीत स्क्रू धरेना, तेव्हा सागवानी खुंट्या ठोकाव्या लागल्या. चकचकीत पत्र्याच्या काळ्या आकाशात ट्यूबलाइटच दिसते, त्यामुळे मॅटच घ्यावा.

निवडीबाबत माझे मत ठाम आहे: पौर्णिमेचा चंद्र घेऊ नये. त्या वेळी सूर्यप्रकाश समोरून पडत असल्याने सावल्या नसतात आणि विवरे सपाट दिसतात. शुद्ध अष्टमीच्या सुमारास प्रकाश व अंधार यांच्या सीमेवर तीच विवरे खोल दिसतात. नासाचे लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर हे यान 2009 पासून चंद्राभोवती फिरत आहे आणि त्याची छायाचित्रे विनामूल्य उतरवून घेता येतात. वरील आकारासाठी इंचाला 150 ठिपके धरल्यास 3600 बाय 5400 पिक्सेलची फाइल लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली चालणार नाही.

आमच्याकडे चंद्रावरील टायको या विवराचे चित्र आहे. त्याचा व्यास सुमारे 85 किलोमीटर, तर लोणारचा जेमतेम 1.8, हे सांगितल्यावर पाहुणे पुन्हा एकदा चित्राजवळ जातात.

एक चूक मात्र आमच्याकडून झाली. पुतण्याने पत्रा उलटा टांगला आणि आठवडाभर विवरांच्या जागी सर्वांना फोड आल्यासारखे उंचवटे दिसत राहिले. प्रकाश वरूनच येतो असे आपली नजर गृहीत धरते, त्यामुळे चित्रातील प्रकाश खालून आला की खड्डा टेकडी होतो. छापून घेतानाच मागील बाजूस वरची दिशा दाखवणारा बाण काढून घ्यावा आणि चित्रातील प्रकाश डावीउजवीकडून येत असेल, तर बैठकीची खिडकीही त्याच बाजूला येईल अशी भिंत निवडावी.