शब्दकोडं सुटतं, नाव मात्र आठवत नाही

प्रश्न : वय ६८. निवृत्त झाल्यापासून रोज पेपरातलं शब्दकोडं आणि सुडोकू सोडवतो. वीस मिनिटांत दोन्ही हातावेगळी होतात. तरीही बाजारात ओळखीचा माणूस भेटला की नाव ओठांवर येऊन अडकतं. मग या कोड्यांचा उपयोग काय? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : वीस मिनिटांत सुटतात, मेख तिथेच आहे. कोडं सोडवून माणूस कोड्यात तरबेज होतो, पण नावं लक्षात ठेवणं हे काम वेगळं आहे. जी गोष्ट न अडखळता जमते, तिच्यात मेंदूला फारसं काही करावं लागत नाही. २०१४ साली अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस केंद्रातल्या संशोधकांनी ६० ते ९० वयाच्या लोकांना तीन महिने डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधडीकाम शिकवलं. आठवड्याला सरासरी सोळा तास ही मंडळी नवं काहीतरी शिकत होती. नुसत्या गप्पा, सहली, सोपे खेळ यांत रमलेल्या गटापेक्षा त्यांची स्मरणशक्ती जास्त सुधारली. म्हणून छंद निवडताना एवढंच पाहा : यात रोज माझी चूक होते का? होत असेल तर तो छंद तुमच्यासाठी योग्य.

फोंड्यात राहता म्हणजे भजनाचा आवाज कानावर पडतच असणार. मग ताल शिका. तबला नको, पेटी नको, दोन हात पुरेत. केरवा घ्या, आठ मात्रा : धा गे ना ती, न क धी ना. पहिल्या मात्रेला टाळी. दुसरी, तिसरी, चौथी बोटांवर, करंगळीपासून. पाचवी खाली, म्हणजे टाळी न देता तळहात उलटा करून हवेत सोडायचा. पुढच्या तीन पुन्हा बोटांवर. मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक लयीत टकटक करणारं अॅप) लावा, मिनिटाला साठ ठोके, म्हणजे एक आवर्तन आठ सेकंदांत. आठवडाभर तोंडाने फक्त बोल म्हणा. दुसऱ्या आठवड्यात हात तेच करतील, पण तोंडी एखादा पाठ असलेला अभंग गा.

इथेच घोटाळा होतो. गाणं मनात मोठं होतं आणि हात गाण्याच्या शब्दांमागे धावतो. पाचव्या मात्रेला खालीऐवजी टाळी पडते, किंवा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यायच्या आधीच लय वाढते. असं झालं की गाणं थांबवा, हात थांबवू नका. चार आवर्तनं नुसते बोल म्हणा आणि मग समेवरूनच गाणं पुन्हा उचला. मेंदूची खरी मेहनत या उचलण्यात आहे. दोन कामं एकदम धरायची, भलतीच टाळी आवरायची आणि चुकलेली जागा शोधायची, हे तिन्ही त्यात येतं. केरवा डोळे मिटून जमायला लागला की झपताल घ्या : धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दहा मात्रा, टाळ्या पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेवर, खाली सहाव्यावर. दोन-तीन-दोन-तीन अशा असमान विभागांमुळे सरावलेला हातही अडखळतो, आणि आपल्याला तेच हवं आहे. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस. पुढल्या चवथीला आरतीत घुमट, शमेळ ही चामड्याची वाद्यं नसली तरी कासाळं (झांजा) हाती घ्या, म्हणजे चार माणसांबरोबर लय सांभाळायचा सरावही होईल.

नावांसाठी उपाय वेगळा. माणूस भेटला की बोलताना त्याचं नाव दोनदा तोंडाने घ्या आणि त्याचा वाडा (वस्ती), धंदा किंवा नातं त्याला जोडा. पाच मिनिटांनी, मग तासाभराने, मग दुसऱ्या दिवशी स्वतःला विचारा. कागदात न बघता आठवायचा प्रयत्न करा, मगच बघा. चारचौघांत ऐकू कमी येत असेल तर आधी कान तपासा. जे नाव नीट ऐकूच आलं नाही, ते आठवणार कुठून!

प्रश्न : आई ७४ वर्षांची आहे, लिहिता-वाचता येत नाही. जन्म शेतात आणि चुलीपुढे गेला. आता दिवसभर टीव्हीपुढे बसून असते. तिला कसला छंद लावायचा? (पेडण्याहून एक मुलगी)

उत्तर : अबोलीची फाती (फुलांची गुंफलेली वेणी) करायला बसवा, असं कुणीही सांगेल. बसवा, पण तिचे हात ते काम झोपेतही करतील. नातीला शिकवायला सांगा, म्हणजे हातांना माहीत असलेलं शब्दांत मांडावं लागेल, आणि ते अवघड आहे.

त्याहून मोठा ठेवा म्हणजे तिची धालोची, गोव्यातल्या बायकांच्या लोकनृत्याची, गाणी. ती मोबाइलवर रेकॉर्ड करायला तिलाच शिकवा. तुम्ही बटण दाबू नका. आवाज-नोंदीचं चिन्ह पडद्यावर पहिल्या पानावर एकटं ठेवा, लाल गोल दाबला की सुरू, पुन्हा दाबला की बंद. पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब. आधी गाण्याची पहिली ओळ आणि कुणाकडून शिकली ते सांगायचं, मग गाणं. पहिले तीन-चार दिवस ती फोनला घाबरेल, चुकीचं बटण दाबेल. हात धरून दाबू नका, शेजारी बसून फक्त बोला.

एक अडचण नक्की येईल. खुर्चीवर बसून गाणं अर्ध्यात तुटतं आणि आई म्हणते, "विसरले गो." ती विसरलेली नसते. धालोत दोन रांगा समोरासमोर असतात, एकीने म्हटलं की दुसरीने उचलायचं, पावलंही सोबत चालतात. ते सगळं काढून घेतलं की ओळ सापडत नाही. शेजारच्या दोघी-तिघींना संध्याकाळी बोलवा, समोरासमोर उभं करा, पावलं टाकू द्या. तुटलेली ओळ बहुतेक वेळा तिथेच परत येते. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग लावण्याआधी आईला विचारा, काल कोणती गाणी झाली? ही आठवण काढणंच तिचा रोजचा व्यायाम.

प्रश्न : मेंदू तल्लख करणाऱ्या अॅपचे पैसे भरावेत का? (मडगाव)

उत्तर : नको. अशाच एका प्रसिद्ध अॅपच्या, 'ल्युमॉसिटी'च्या कंपनीला सिद्ध न झालेल्या दाव्यांबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून २०१६ साली वीस लाख डॉलर भरावे लागले. त्या पैशात चौघांना चहा पाजा आणि मेंढीकोट मांडा. चौघे, दोन जोड्या, प्रत्येकी तेरा पानं. पहिला आठवडा फक्त चार दश्श्या कुठे गेल्या एवढंच ध्यानात ठेवा. दुसऱ्या आठवड्यात हुकमाची तेरा पानं मोजा. तिसऱ्यात, कुणाकडे कुठला रंग संपला हेही. पहिल्याच दिवशी तिन्ही धरू गेलात तर एकही धरता येणार नाही. डाव संपल्यावर शेवटचे तीन हात आठवून सांगा, पानं उलटी ठेवूनच.

प्रश्न : वडील हल्ली तेच तेच विचारतात. छंद लावला तर कमी होईल का? (डिचोली)

उत्तर : आधी डॉक्टर, छंद नंतर. तासाभरात तोच प्रश्न तीन-चारदा विचारणं, नेहमीच्या वाटेवर चुकणं, पैशांचा हिशेब अचानक न जमणं, ही म्हातारपणाच्या साध्या विसरभोळेपणाची लक्षणं नव्हेत. बी-१२, थायरॉइड, रक्तदाब, साखर, कान आणि डोळे एवढं तपासून घ्या, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. झोपेच्या आणि अॅलर्जीच्या काही गोळ्यांनीही विसराळूपणा येतो. स्वतःहून कुठलीही गोळी बंद करू नका.