कॅलिफोर्नियातल्या सोनोमा काउंटीत राहायला येताय? आधी एवढं बघा

द्राक्षमळे बघून लगेच घर घेऊ नका, वर्षभर भाड्याने राहा. नवे लोक घर बघतात जूनमध्ये. वणव्याचा धोका असतो ऑक्टोबरात आणि पुराचा जानेवारी-फेब्रुवारीत.

- विमा आधी, बयाणा नंतर. 2017 च्या टब्स वणव्यात सांता रोझा शहरातल्या अख्ख्या वस्त्या जळाल्या. तेव्हापासून डोंगरउतारावरच्या घरांना बऱ्याच कंपन्या नकार देतात. मग उरतो 'फेअर प्लॅन', म्हणजे दुसरीकडे विमा न मिळणाऱ्यांसाठीचा शेवटचा पर्याय, महाग आणि तुटपुंजा.
- गर्नव्हिल गावात रशियन नदीची पूररेषा 32 फूट. फेब्रुवारी 2019 मध्ये पाणी 45 फुटांवर गेलं होतं. जोतं किती उंच, ते विचाराच.
- गावाबाहेर विहीर आणि सेप्टिक टँक. विहिरीची चाचणी सप्टेंबरात, पाणी खोल गेलेलं असताना करा. कोरडा वारा सुटला की वणवा पेटू नये म्हणून वीजकंपनी मुद्दाम वीज तोडते. पंप बंद, नळ कोरडा. पिण्याचं पाणी भरून ठेवा.

किनाऱ्यावरच्या 'बोडेगा बे' गावात जुलैतही धुकं असतं, स्वेटर लागतोच. तिथल्या समुद्राकडे पाठ करून उभं राहू नका, लाट अचानक ओढून नेते.

आणि मळ्याला लागून घर? वसंतात कोवळे कोंब गोठू नयेत म्हणून पहाटे तीनला मोठाले पंखे सुरू होतात. आवाज चांगलाच असतो, तक्रारीचा उपयोग शून्य.