परदेशात नवीन आहे, जुनी गाडी घेताना काय बघू?

नोकरीसाठी परदेशात येऊन दीड महिना झालाय, पहिली गाडी सेकंडहँड घ्यायची आहे, असं तुम्ही लिहिलंय. माझं ठाम मत: गाडी पसंत करण्याआधी तिच्या विम्याचं कोटेशन काढा. तिथल्या विमा कंपनीच्या लेखी तुमचा अनुभव बहुधा शून्य धरला जातो, त्यामुळे स्वस्त गाडीचाही हप्ता अंगावर येऊ शकतो. भारतातल्या विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळालेल्या सवलतीचं, पत्र इंग्रजीत मागवून ठेवा. सगळ्याच कंपन्या ते मानत नाहीत, पण विचारायला हवं. भारतीय लायसन्स तिथे किती दिवस चालतं तेही आधीच बघा. ती मुदत उलटल्यावर अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो.

गाडी बघायला जाताना मालकाला सांगा, इंजिन सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर सरळ दुसरी वेळ मागा, कारण बरेच दोष थंड इंजिनातच उघडे पडतात. सुरू करताना निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. थंडीत सुरुवातीला पांढरी वाफ दिसते, ती चालते. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर राहिला आणि गोडसर वास आला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आत शिरतंय, हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) गेलेलं असू शकतं. ती गाडी सोडा.

चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागतच नसेल तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केला असू शकतो. साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड वाचणारं यंत्र) सोबत न्या. त्यात बरेच मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या) 'नॉट रेडी' दिसले, तर एरर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती.

टायरवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी 2319 असेल तर तो 2019 च्या 23व्या आठवड्यातला. बर्फाळ भागात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून खाली वाकून ब्रेकच्या नळ्या आणि दाराखालची पट्टी गंजलीय का ते बघाच.

कागदांवरचा 17 अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) विंडशील्डखालच्या आणि दाराच्या खांबावरच्या नंबरशी एकेक अक्षर जुळवा. गाडीवर कर्ज बाकी असेल तर अनेक देशांत ते गाडीबरोबर तुमच्या गळ्यात येतं, तेव्हा अधिकृत नोंदीत तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. पैसे बँकेतूनच द्या, पावतीवर किलोमीटर रीडिंग लिहून घ्या आणि विमा सुरू झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.