पालकांचे प्रश्न : भडका उडण्याआधीची दहा मिनिटं

मुलांच्या रागाबद्दल आलेल्या पत्रांतली चार इथे घेतली आहेत. प्रत्येक पत्रात आरडाओरड्याचं वर्णन भरपूर आहे, पण त्याआधी घरात काय चाललं होतं याबद्दल दोन ओळीही नाहीत. म्हणून उत्तरांत आम्ही जास्त तिकडेच वळलो आहोत.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. नाही म्हटलं की जमिनीवर लोळण घेतो, रडता रडता श्वास धरतो, ओठ निळे पडतात. एकदा तर क्षणभर शुद्ध हरपली. तेव्हापासून सासूबाई त्याने भोकाड पसरायच्या आत मोबाइल हातात देतात. मी दिवसभर नोकरीला, तो त्यांच्याकडे. त्यांना सांगायचं तरी कसं? – एक आई, भांडुप

उत्तर : सासूबाईंना दोष देऊ नका. नातवाचे ओठ निळे पडलेले पाहिल्यावर मोबाइलच काय, कपाटाची किल्लीसुद्धा हातात दिली जाते. त्यामुळे आधी त्यांची भीती घालवायला हवी. रडताना श्वास अडकण्याचा हा प्रकार सहा महिने ते पाच-सहा वर्षांच्या काही मुलांमध्ये दिसतो. मूल तो ठरवून करत नाही, आणि बहुतेकदा मिनिटभराच्या आत श्वास आपोआप सुरू होतो. तेवढा वेळ त्याला कुशीवर निजवा. डोकं आपटेल असं काही जवळ ठेवू नका. तोंडात बोट, चमचा, पाणी काहीही घालायचं नाही, गदागदा हलवायचं नाही. बालरोगतज्ज्ञांना मात्र एकदा दाखवाच आणि सासूबाईंनाही सोबत न्या. अशा मुलांपैकी काहींच्या रक्तात लोह कमी असतं आणि ते भरून काढलं की हे प्रसंग कमी होतात. शिवाय हृदयाचा किंवा फिटचा काही त्रास नाही ना, हेही डॉक्टर पाहतील. मिनिटापेक्षा जास्त वेळ शुद्ध आली नाही तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

आता मोबाइलचं. घरातल्या सगळ्यांसाठी एकच नियम ठेवा : द्यायचं असेल तर पहिल्या मागणीला द्यायचं, नसेल तर शेवटपर्यंत नाही. वाईट असतं ते मधलं : दोनदा नाही, तिसऱ्या किंकाळीला घे बाबा. त्यातून तो एवढंच शिकतो की दोन किंकाळ्या कमी पडतात. नियम सुरू केल्यावर पहिले काही दिवस रडणं वाढतं. हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी ‘तुझ्या नियमाने पोर आणखी बिघडलं’ म्हणून सगळं गुंडाळलं जाईल. वाढलेल्या रडण्याला एकदा जरी मोबाइल मिळाला, तरी पुढचं रडणं तिथूनच सुरू होतं. लोळण चालू असताना समजावणं, ओरडणं, आमिष काहीच नको. हाताच्या अंतरावर बसायचं आणि ‘मी इथेच आहे’ एवढंच म्हणायचं. शांत झाला की जवळ घ्या. जवळ घेतल्याने लाड होत नाहीत.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. वन रूम किचनमध्ये आम्ही पाच जण. रात्री साडेनऊला क्लासवरून येतो, काही विचारलं की तणतण सुरू. परवा कपाटाच्या दारावर बुक्की मारली, दाराला पोचा आला. त्याचा मामा म्हणतो, पंचिंग बॅग आणा, राग बाहेर पडला की निवळेल. आणावी का? आणि एवढ्याशा घरात ‘जा, आपल्या खोलीत जा’ तरी कसं म्हणायचं? – एक वडील, लालबाग

उत्तर : बॅग व्यायामासाठी खुशाल आणा, रागावरचा उतारा म्हणून नको. वाफ बाहेर काढली की माणूस शांत होतो ही समजूत प्रयोगात टिकलेली नाही. ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्याने चिडवलं त्याला आठवत बॅगेवर ठोसे मारणारे आणखी चिडले. काहीही न करता नुसते बसून राहिलेले सगळ्यांत कमी चिडलेले निघाले. राग आला की ठोसा, ही हाताला लागलेली सवय असते आणि सरावाने ती पक्की होते.

दोन आठवडे एक वही ठेवा. त्याच्या नकळत नको, त्याला सांगून ठेवा. किती वाजता भडकला, शेवटचं कधी खाल्लं होतं, आदल्या रात्री कधी झोपला, भडकण्याआधी कोण काय बोललं आणि भडकल्यामुळे त्याचं काय टळलं. एवढे पाच रकाने पुरेत. शेवटचा रकाना पालक हमखास मोकळा सोडतात. तणतण केली की कोणी अभ्यासाचं विचारत नाही, असं तिथे वारंवार दिसलं तर तणतण का टिकली, याचं उत्तर तुमच्या हातात आहे.

तुमच्या पत्रावरून दोन गोष्टी वही न उघडताही दिसतात. दुपारी एकला जेवलेला मुलगा साडेनऊला उपाशीपोटी घरात शिरत असेल, तर क्लासच्या मधल्या सुट्टीत खायला चपातीची गुंडाळी, दोन केळी किंवा चणे-शेंगदाणे दप्तरात द्या. दुसरी झोप. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप लागते, आणि वयात येताना झोपेची वेळ शरीरच पुढे ढकलतं. साडेअकराला आडवा होऊन पावणेसहाला उठणाऱ्या मुलाची रोज दोनेक तासांची उधारी साचते. सगळ्यांत आधी झोपेचे हे तास वाचवा. क्लासची एखादी बॅच लवकरची मिळते का, तेही पाहा.

तो दारात आला की पहिली वीस मिनिटं प्रश्न नकोत. ‘टेस्टचे मार्क आले का?’ हा प्रश्न चप्पल काढायच्या आत येतो आणि खटका तिथेच उडतो. हातपाय धुऊ दे, ताट वाढा, विचारायचं ते जेवण झाल्यावर.

जागेचं म्हणाल, तर वेगळी खोली लागत नाही, घर शांत असताना ठरवलेली जागा लागते. चाळीत व्हरांड्याचं टोक चालेल, जिन्याचा वरचा चौक चालेल, काहीच नाही तर मोरीत जाऊन तोंडावर गार पाणी. खूण एक शब्दाची, त्यानेच निवडलेली. ‘चौक’ म्हणाला तरी पुरे. तिथे गेल्यावर चार मोजत श्वास आत आणि सहा मोजत बाहेर, असं दहा वेळा. दीड-दोन मिनिटांचं काम. श्वास सोडायला जास्त वेळ घेतला की हृदयाची धडधड उतरते. हा सराव रविवारी, डोकं थंड असताना करून घ्या. संतापलेल्या मुलाला ‘खोल श्वास घे’ म्हणणं म्हणजे आगीत रॉकेल.

हे सगळं फिसकटतं ते एका कारणाने : मोठी माणसं मागे जातात. तो जिन्यात गेला की आई दारातून आणि बाबा कठड्यावरून बोलतच राहतात. जाऊ द्या. फक्त परतायची वेळ ठरलेली हवी, पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा. त्याला जाणं जमलं नाही तर तुम्ही जा. ‘मी खाली चक्कर मारून येतो, दहाला बोलू’ म्हणा आणि दहाला खरंच या.

दाराचा हिशेब दुसऱ्या दिवशी, आवाज न चढवता. दुरुस्तीचा खर्च विचारा, त्यातला निम्मा पॉकेटमनीतून महिन्याला थोडाथोडा कापा आणि सुताराशी बोलायला त्यालाच पाठवा. त्याच प्रसंगासाठी मोबाइल जप्त, क्रिकेट बंद, आजीकडे जाणं बंद अशी माळ लावू नका.

प्रश्न : बारा वर्षांचा मुलगा गेम बंद कर म्हटलं की फोन फेकतो. – एक आई, बोरिवली

उत्तर : टीम करून खेळायचे ऑनलाइन गेम मध्येच थांबवता येत नाहीत. बाहेर पडलं की डाव जातो आणि जोडीदार बोल लावतात. म्हणून वेळ मिनिटांत नको, डावांत ठरवा. काही खेळांत एकेक डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो, त्यामुळे ‘हा शेवटचा’ हे डाव सुरू व्हायच्या आधी, त्याच्या शेजारी जाऊन सांगायचं. स्वयंपाकघरातून मारलेली हाक हेडफोनच्या आत पोहोचत नाही. डाव संपल्यावर फोन त्याने स्वतः ठरलेल्या जागी चार्जिंगला लावायचा. हातातून हिसकावण्यात फोन फुटायचे प्रकार बरेच होतात.

प्रश्न : मुलगी चौदाची. गेले दोन महिने सगळ्यांवर खेकसते, मैत्रिणींकडे जात नाही, डबा तसाच परत आणते. हे वयाचं म्हणून सोडून द्यावं का? – एक आई, मुलुंड

उत्तर : नका सोडू. या वयात नैराश्य बऱ्याचदा रडण्यातून न दिसता चिडचिडीतून दिसतं. आवडीच्या गोष्टी सुटणं, जेवण-झोप बदलणं, एकटं राहणं हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर दाखवायला हवं, आणि तुमच्याकडे तर दोन महिने झाले. शाळेत किंवा फोनवर कोणी छळतंय का, हे तिला दोघीच असताना विचारा; समोरासमोर बसण्यापेक्षा भाजी निवडताना किंवा चालताना मुली मोकळेपणाने बोलतात. ‘जगावंसं वाटत नाही असं कधी मनात येतं का?’ हेही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटं ठेवू नका, घरातली औषधं कुलपात टाका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचं नायर या पालिकेच्या तिन्ही रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. सकाळी केस पेपर काढून दाखवता येतं. मधल्या काळात ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जाताना ‘तुला डोक्याच्या डॉक्टरकडे नेते’ म्हणू नका. ‘तुझी झोप आणि भूक बिघडली आहे, त्याबद्दल बोलायला जाऊ’ म्हणा. तेवढं खरंही आहे.