जिल्हा परिषद शाळेच्या पैशावर पालकाला मत असतं का? असेल तर ते कुठे आणि कधी द्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साक्री तालुक्यात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा, पट ४६, मुलगी चौथीत. संडासाला पाणी नाही, एक खोली गळते. अमेरिकेत शाळेसाठी कर वाढवायचा की नाही यावर लोक मतदान करतात असं वाचलं, आपल्याकडे तसं काही आहे का?

ताई, तसं थेट मतदान आपल्याकडे नाही. तिकडे शाळेच्या पैशाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो, म्हणून करावर मत घेतात. आपल्याकडे गुरुजींचा पगार राज्य देतं आणि शाळा अनुदान समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय योजनेतून येतं (केंद्र ६०, राज्य ४० टक्के). पण आलेला पैसा कशावर लावायचा, यात पालकाचं मत चालतं. त्याच्या जागा दोन, शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामसभा. गडबड एवढीच होते की पालक मार्चमध्ये विचारायला जातात आणि ठरायचं ते दिवाळीच्या आसपासच ठरून गेलेलं असतं.

आधी समिती. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आपल्या राज्यात १२ ते १६ सदस्य, अध्यक्ष पालकांमधूनच, मुख्याध्यापक सचिव, मुदत दोन वर्षं. निवड पालकसभेत होते. व्यवहारात काय होतं? सात-आठ पालक जमतात, नावं आधीच लिहिलेली असतात, रजिस्टर फिरतं. त्यामुळे सूचना निघाली की मुख्याध्यापकांना दोन गोष्टी लेखी मागा: सभा संध्याकाळी ठेवा, आणि एका जागेला दोन नावं आली तर हात वर करून मत घ्या व आकडा इतिवृत्तात लिहा. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला सभा लावली तर मजुरी बुडवून कोण येणार? आणि तुमची मुलगी चौथीत आहे. पालक म्हणून समितीत बसायला मूल त्या शाळेत असावं लागतं, म्हणजे जूनमध्ये तुम्ही बाहेर. पहिली-दुसरीतल्या एखाद्या मुलाच्या आईला उभं करा, बोलणारी असली म्हणजे झालं.

आता पैसा. समग्र शिक्षातल्या या अनुदानाचे (कागदावर ‘संयुक्त शाळा अनुदान’) टप्पे पटावर आहेत: ३० पर्यंत १०,०००, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १००० ला ७५,००० रुपये. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. तुमच्या शाळेला वर्षाला जास्तीत जास्त २५,०००, त्यातले २,५०० स्वच्छतेचे. ही वरची मर्यादा आहे, पैसा हप्त्यांनी आणि बऱ्याचदा उशिरा येतो. लाइट बिल, खडू-कागद, किरकोळ दुरुस्ती, मोडलेलं साहित्य बदलणं सगळं यातच. गळकी खोली यातून होणार नाही, उगाच आशा धरू नका. पट मोजताना मात्र जागे राहा. ३१ ची ३० झाली की थेट १५,००० जातात. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं मुलांना घेऊन निघतात, आधारवरचं नाव शाळेच्या नावाशी जुळत नाही, आणि नोंद मागे पडते. ३० सप्टेंबरच्या पटाआधी आधारची नावं जुळवून घ्या.

खात्याचा व्यवहार अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या जोडसहीने होतो. इथे सर्वांत जास्त घोळ. अध्यक्षबाईंकडून कोऱ्या कागदावर सह्या आधीच घेऊन ठेवतात. त्यांना एकच नियम सांगा: वस्तू शाळेत आली, पावती पाहिली, ठराव झाला, मग सही. इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा, आणि अहिराणीत किंवा भिलीत सांगायला सांगा. मराठी कागद ऐकून मान डोलावणं म्हणजे मत नव्हे. ३१ मार्चला न खर्चलेला पैसा परत जातो, म्हणून शेवटच्या आठवड्यात घाईने ‘साहित्य खरेदी’ होते. जानेवारीतच यादी ठरवली तर ही पळवाट राहत नाही.

तुमच्या संडासाच्या पाण्याचा खरा पैसा शाळेकडे नाही, ग्रामपंचायतीकडे आहे. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या निधीत ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायची होती, त्यातली निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी. शाळेचा संडास त्यात चपखल बसतो. ग्रामपंचायत विकास आराखडा साधारण २ ऑक्टोबर ते ३१ जानेवारी या काळात बनतो, म्हणून २ ऑक्टोबरची ग्रामसभा चुकवू नका. त्याआधी होणारी महिला सभाही चुकवू नका. ग्रामसेवकांकडे (आता हुद्दा ग्रामपंचायत अधिकारी) आठवडाभर आधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ‘शाळेत सुविधा कराव्यात’ असं लिहिलं तर काहीच होत नाही. लिहा: ‘५०० लिटरची टाकी, नळजोडणी, दोन तोट्या, सांडपाण्याचा शोषखड्डा.’ मोजता येणारं काम आराखड्यात चढतं. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं कमी असेल ते, म्हणून दहा-बारा आया एकत्र गेल्या तरी पारडं हलतं. मत मात्र गावच्या मतदार यादीतल्यालाच. सासरी आलेल्या कित्येक बायांचं नाव अजून माहेरच्या यादीत असतं. मतदार यादीतला पत्ता बदलायचा अर्ज, नमुना ८, भरून ते इकडे आणायला लावा.

साक्रीतली काही गावं पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्यात, येतात. तुमचं त्यात असेल तर आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध (कामाची अट नसलेला) निधी थेट ग्रामपंचायतीला येतो. त्यातून शिक्षणाची कामंही घेता येतात, आणि निर्णय ग्रामसभेचा.

गळक्या खोलीसाठी रस्ता लांबचा: समितीचा ठराव, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषद. पहिली अडचण कागदावरच असते. युडायस प्लसमध्ये (शाळांची माहिती भरायची सरकारी ऑनलाइन नोंद) ती खोली ‘चांगली’ नोंदली असेल तर प्रस्ताव पुढे सरकत नाही. ‘मोठी दुरुस्ती आवश्यक’ अशी नोंद झाली का ते मुख्याध्यापकांसमोर बसून बघा. खोली पडायला आलेली असेल तर दुरुस्ती मागू नका, निर्लेखन (वापराबाहेर ठरवून पाडायची मंजुरी) मागा आणि नवी खोली मागा.

या सगळ्यात कोणी ‘प्रत्येक पालकाने ५०० द्या’ म्हणालं तर ते सक्तीचं नाही. लोकवर्गणी स्वेच्छेने आणि पावती घेऊनच. हिशेब दाखवत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, ३० दिवसांत उत्तर. अर्जात ‘सर्व हिशेब’ मागू नका. रोकडवही आणि समितीच्या इतिवृत्ताच्या प्रती, अमुक तारीख ते अमुक तारीख, असं मागा.

फेब्रुवारीत ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी संकेतस्थळावर गावाचा आराखडा उघडून टाकीचं काम त्यात चढलं का ते पाहा. दिसलं नाही तर ठरावाची प्रत घेऊन गटविकास अधिकाऱ्यांकडे जा.