कूलरखाली लिंक, लिंकखाली हॅशटॅग

प्रश्न : ताई, मी नागपूरच्या महाल भागात राहतो. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी कूलर, मिक्सर, पंखे अशा घरगुती वस्तूंची मराठी रील्स, असं चाललंय. १८ हजार फॉलोअर्स आहेत. माझ्या लिंकवरून कोणी काही घेतलं की कमिशन मिळतं. एप्रिल-मेमध्ये महिन्याला सहा-सात हजार, पावसाळ्यात जेमतेम पाचशे. यंदा फेब्रुवारीत एका कंपनीनं ११ हजारांचा कूलर फुकट पाठवला, वर काय बोलायचं तेही लिहून दिलं. त्या रीलखाली एकानं लिहिलं, 'दलाली खातो ते आधी सांग ना बे.' हॅशटॅगमध्ये मी ते टाकलं होतं, तरी बोलणं जिव्हारी लागलं. एवढ्याशा कमाईलाही नियम असतात का? साडूचं इतवारीत लोखंडी कूलरचं दुकान आहे. त्याचंही रील केलं, पण त्याच्याकडून एक पैसा घेतला नाही. त्याच्या काउंटरवर पंप-पंख्यांच्या माझ्या लिंकचा क्यूआर कोड चिकटवला तर चालेल का? आणि टॅक्समध्ये यातलं काय दाखवायचं? रीलची लिंक सोबत पाठवतोय.
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : तुमचं रील मी तीनदा पाहिलं. पहिल्या दोन वेळा मला काहीच दिसलं नाही. तिसऱ्यांदा मुद्दाम शोधायला बसले. खालच्या मजकुरावर 'आणखी' दाबलं, मग #नागपूर, #उन्हाळा, #कूलर, #गांधीगेट असं उतरत उतरत अकराव्या जागी '#अ‍ॅफ' सापडलं. शेजारी सासूबाई भाजी निवडत होत्या, त्यांना दाखवून अर्थ विचारला. म्हणाल्या, "अ‍ॅप लिहायचं असेल बिचाऱ्याला, चुकलं." ते 'अ‍ॅफिलिएट', म्हणजे कमिशनवर शिफारस करणारा, याचं तोडकं रूप आहे हे मलाच त्यांना सांगावं लागलं.

तर तो 'बे' म्हणणारा माणूस उद्धट असेल, पण खोटं बोलत नव्हता.

नियम आहेत, आणि कमाई किती यावर ते अवलंबून नाहीत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २० जानेवारी २०२३ रोजी 'एंडोर्समेंट नो-हाऊज' नावाची छोटी पुस्तिका काढली. तुमच्या-माझ्यासारख्या चॅनेलवाल्यांसाठीच आहे ती. त्यात म्हटलंय की वस्तू विकणाऱ्याशी तुमचा काही संबंध असेल, तर तो प्रेक्षकाच्या नजरेतून सुटणार नाही असा सांगायचा. हॅशटॅगच्या किंवा लिंकांच्या गर्दीत तो लपवायचा नाही. व्हिडिओ असेल तर पडद्यावर लिहायचं आणि तोंडानंही बोलायचं. लाइव्ह करत असाल तर पूर्ण वेळ पट्टी दिसत राहिली पाहिजे. आणि आपण सगळे जिथे घसरतो तो मुद्दा म्हणजे भाषा. ज्या भाषेत शिफारस करता, त्याच भाषेत संबंधही सांगायचा. दीड मिनिट अस्सल महालातली मराठी आणि कबुली तेवढी इंग्रजीत, तीही अर्धवट, हे चालत नाही.

तेव्हा रील सुरू झाल्यावर पहिल्या चार-पाच सेकंदांत म्हणा, "हा कूलर कंपनीनं मला फुकट दिलाय, आणि खालच्या लिंकवरून तुम्ही घेतला तर मला कमिशन मिळतं." हेच पडद्याच्या वरच्या भागात जाड अक्षरात लिहा. खाली लिहिलंत तर त्याच्यावर तुमचं नाव आणि मजकूर येऊन बसतो. पांढऱ्या भिंतीवर पांढरी अक्षरंही नकोत. हसू नका, मी वर्षभर तेच केलंय. अ‍ॅमेझॉनच्या लिंका देत असाल तर 'अ‍ॅमेझॉन असोसिएट म्हणून पात्र खरेदीवर मला कमाई होते' अशा अर्थाचं वाक्य प्रोफाइलवर ठेवणं ही त्यांची वेगळी अट आहे. त्यानं सरकारी नियमाचं काम भागत नाही, दोन्ही लागतं.

असं उघड सांगितलं तर लोक पळतील, ही भीती मलाही होती. माझ्या भांड्यांच्या चॅनेलवर मी बोलायला लागले तेव्हा पहिले दोन महिने लिंक दाबणारे खरंच कमी झाले. नंतर काही परतले, काही नाही परतले. पण 'दलाली' या शब्दानं कानकोंडं व्हायचं काय कारण? कळमन्याच्या बाजारात अडत्या अडत घेतो आणि घेतो म्हणून सांगतो. त्याला कोणी 'बे' म्हणत नाही.

आता मला जास्त खटकलेली गोष्ट. कंपनीनं लिहून दिलेलं 'खोली १२ डिग्रीनं थंड करतो' हे वाक्य तुम्ही जसंच्या तसं म्हटलंय. फेब्रुवारीत! तेव्हा नागपुरात कूलर लावतं कोण, राजेहो? थर्मामीटर लावून पाहिलात का? खिडकी उघडी होती की बंद? २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे शिफारस ही करणाऱ्याचं स्वतःचं खरं मत किंवा अनुभव असायला हवी. कूलरच्या बाबतीत तर हा प्रश्न फारच नाजूक आहे, कारण तो पाण्याची वाफ करून हवा गार करतो. आपल्या मे महिन्यातल्या ४५ डिग्रीच्या कोरड्या हवेत तो जीव वाचवतो. तोच मुंबईत दमट वारा फेकत बसतो, आणि आपल्याकडेही जुलै लागला की तेच होतं. तुमच्या रीलखाली ठाण्याच्या एक बाई विचारताहेत, 'आमच्याकडे चालेल का?' तुम्ही बदामाचं चिन्ह टाकून सुटलात. त्यांना सरळ सांगा, घेऊ नका म्हणून.

दंडाचं म्हणाल तर दिशाभूल करणाऱ्या शिफारशीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं, वर पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत आणि पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत शिफारस करायलाच बंदी घालू शकतं. मात्र दावा खरा आहे का याची नीट खातरजमा केली होती, हे दाखवता आलं तर शिफारस करणारा सुटतो. तेव्हा तापमानाच्या नोंदी वहीत ठेवा, तारीख-वेळ घालून.

साडूकडून पैसा घेतला नाहीत, मान्य. पण पुस्तिकेत 'संबंध' म्हणजे फक्त पैसा नाही. फुकट वस्तू, सवलत, हॉटेलातला मुक्काम आणि घरचं नातंही त्यात येतं. "हे माझ्या साडूचं दुकान" एवढं म्हणा की. इतवारीत अर्ध्या लोकांना ते ठाऊकच असेल, बाहेरच्यांना नसतं.

क्यूआर कोड चिकटवण्याआधी ज्या साइटच्या लिंका देता तिचा करार उघडून वाचा. अ‍ॅमेझॉनच्या नियमात छापील कागद, पत्रकं अशा मार्गांनी लिंक फिरवायला मनाई आहे. दुकानातला कोड त्यातच मोडतो. रीलमध्ये किंमतही बोलू नका, ती सकाळची संध्याकाळी राहत नाही. आणि स्वतःच्या लिंकवरून स्वतः खरेदी तर अजिबात नको. हे मी पोळून सांगतेय. घरचा मिक्सर माझ्याच लिंकवरून मागवला होता. म्हटलं, दुसऱ्या कुणाला कमिशन कशाला? एका शॉपिंग साइटनं (नाव जाऊ द्या) त्या महिन्याचं सगळं कमिशन, २,३४० रुपये, शून्य करून टाकलं. चिडून पत्र लिहायला घेतलं, म्हणून करार पहिल्यांदा वाचला. त्यात ते स्वच्छ लिहिलेलं होतं. पत्र पाठवलं नाही.

टॅक्सचं थोडक्यात. कमिशन हे उत्पन्नच आहे. टीडीएस कापला नसला तरी पगाराबरोबर रिटर्नमध्ये दाखवायचं. सेवेसाठी जीएसटी नोंदणीची साधारण मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे, तिथून तुम्ही लांब आहात. फुकट वस्तूंवर जुलै २०२२ पासून कंपनीला १० टक्के टीडीएस भरावा लागतो, पण एका कंपनीकडून वर्षभरात मिळालेल्या वस्तू २० हजारांच्या वर गेल्या तरच. तुमचा ११ हजारांचा कूलर त्यात बसत नाही. तरी ठेवून घेतलात तर तो मिळकतच आहे, तुमच्या सीएंना सांगा. वापरून परत केलात तर तो लाभात धरत नाहीत.

त्या 'बे'वाल्याची कमेंट पुसू नका. तिच्याखाली लिहा, 'हो, कमिशन मिळतं, कूलरही फुकट आला, सांगायला हवं होतं,' आणि ते उत्तर वर पिन करा. नवीन रील मे महिन्यात करा, दुपारी दोनला, स्लॅबखालच्या खोलीत. आणि कूलर परत पाठवणार असाल तर टाकीतलं पाणी आदल्या रात्रीच काढून ठेवा. नाहीतर कुरिअरवाला जिना उतरता उतरता ओला होतो आणि बोलणी आपल्याला बसतात.